कॅश दरींतील गंधाचा सांपळा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत यूटा म्हणून जें राज्य आहे, त्याच्या उत्तर टोंकास, आयडाहो राज्याच्या सरहद्दीस लागून, एक लांबट दरी पसरलेली आहे. दोन्ही बाजूंस डोंगर. त्यांपैकीं पूर्वेकडची रांग उंच, आणि तिच्या माथ्यावरचें बर्फ हिवाळा सरला तरी लवकर हलत नाहीं. खालीं गव्हाचीं व लसूणघासाचीं शेतें, गाईंचे गोठे, चीज करण्याचे कारखाने, आणि डोंगराच्या पायथ्याशीं मेंढ्यांचीं कुरणें. समुद्रसपाटीपासून उंची सुमारें साडेचार हजार फूट, म्हणजे जवळजवळ आपल्या महाबळेश्वराएवढीच. परंतु महाबळेश्वरचा पाऊस व झाडी येथें कोणी मनांत आणूं नये. हवा इतकी कोरडी कीं धुऊन टाकलेला पंचा पाहतां पाहतां कडक होतो.

ह्या दरीचें नांव कॅश व्हॅली. हा ‘कॅश’ म्हणजे रोकड नव्हे. लपविणें ह्या अर्थाच्या एका फ्रेंच धातूपासून तो शब्द आला असून त्याचा अर्थ पुरून ठेविलेला सांठा असा आहे. सन १८२० च्या सुमारास ह्या डोंगरांत बीव्हर नांवाच्या प्राण्याच्या कातड्यांसाठीं शिकारी लोक हिंडत असत. बीव्हर हा दांतांनीं झाडें पाडून ओढ्यांना बांध घालणारा प्राणी. त्याच्या मऊ लवेच्या टोप्या त्या काळीं युरोपांत फार खपत. शिकारी लोक जमविलेलीं कातडीं ह्या दरींत जमिनींत पुरून ठेवीत, म्हणून हें नांव. १८२६ सालीं त्यांचा मोठा वार्षिक मेळाहि ह्याच दरींत भरला होता. त्यांची युक्ति अशी: बीव्हराच्या शेपटीच्या मुळाशीं उग्र वासाच्या द्रव्याच्या पिशव्या असतात, तें द्रव्य एका ओल्या फांदीच्या टोंकास लावून ती फांदी कांठावर खोंचावयाची व खालीं पाण्यांत सांपळा ठेवावयाचा. आपल्या हद्दींत हा परका कोण आला, हें पाहण्यास बीव्हर येई आणि सांपडे. तात्पर्य, गंधानें प्राण्यास फसविण्याची विद्या ह्या दरीला तिच्या नांवाइतकीच जुनी आहे. आज बीव्हराच्या जागीं कायोटी आला आहे, एवढाच फरक.

दरींतील लोगन ह्या शहरीं आमची कन्या व जामात विद्यापीठांत काम करितात. त्यांच्याकडे आम्हीं सप्टेंबर ते डिसेंबर असे चार महिने काढिले. पहिल्याच आठवड्यांत एके रात्रीं डोंगराकडून कोल्हेकुई ऐकूं आली. आमचें कुटुंब उठून बसलें व म्हणालें, “अहो, इथेंहि कोल्हे आहेत कीं!” तो कायोटी होता. आपल्या कोल्ह्याचाच हा थोरला चुलतभाऊ म्हणावयास हरकत नाहीं: अंग करडें, पाय लांब, नाक निमुळतें, शेपूट झुबकेदार व धांवतांना खालीं ठेविलेली, वजन साधारण १० ते १५ किलो. मेक्सिकोच्या जुन्या नाहुआ भाषेंतील ‘कोयोट्ल’ ह्या शब्दाचा स्पॅनिश लोकांनीं ‘कोयोते’ केला, इंग्रजी बोलणाऱ्यांनीं ‘कायोटी’, आणि येथील शेतकरी तर शेवटचा स्वर गिळून नुसतें ‘कायोट’ म्हणतात. शब्दाची ही झीज पाहून व्याकरण शिकविण्यांत जन्म घालविलेल्या माणसास मौज वाटते. शास्त्रीय नांव १८२३ सालीं टॉमस से ह्या पंडितानें ठेविलें, त्याचा अर्थ ‘भुंकणारा श्वान’. आपल्या पंचतंत्रांत करटक-दमनकांचें जें स्थान, तेंच येथील मूळच्या अनेक जमातींच्या कथांत कायोटीचें. आणि ह्या कथा केवळ हिवाळ्यांतच सांगावयाच्या असा त्यांच्यापैकीं कित्येकांचा दंडक आहे.

ह्या प्राण्यानें माणसाशीं जितकें वैर सोसलें तितकाच तो पसरला. मूळचा पश्चिमेकडील व मध्यभागांतील माळांचा रहिवासी. लांडगे नाहींसे झाल्यावर त्यास रान मोकळें मिळालें, आणि आज हवाई बेटें सोडून ४९ राज्यांत तो आहे. उंदीर, ससे, टोळ, फळें, मेलेलें जनावर, सर्व कांहीं त्यास चालतें. परंतु वसंतांत मेंढ्या विऊं लागल्या कीं कोंकरांवरहि त्याची दृष्टि जाते, आणि तेथेंच तंटा आहे. शिवाय यूटा राज्यानें २०१२ सालीं कायदा करून रानांतील हरणांच्या रक्षणासाठीं दर कायोटीमागें ५० डॉलर इनाम ठेविलें आहे. हिवाळी कातड्यास मोल येतें तें वेगळेंच.

जामातांच्या ओळखीच्या एक बाई डोंगराच्या पायथ्याशीं मेंढ्यांचा कळप बाळगून आहेत. साठी उलटलेली, हात सुतारासारखे, बोलणें थोडें. त्यांचीं मागील वसंतांत एकोणीस कोंकरें गेलीं. मेलेल्या कोंकराची मान सोलून दांतांच्या खुणा पाहावयाच्या, गळ्यावर चावा असेल तर कायोटी, असा पंचनामा त्या स्वतः करितात. दर शरदांत एक म्हातारे सांपळेवाले त्यांच्या रानांत येतात. आम्हीं संस्कृत शिकविलें आहे असें कळल्यावर हे गृहस्थ आम्हांस थट्टेनें ‘प्रोफेसर’ म्हणूं लागले, आणि “वासाचें शास्त्र पाहावयाचें असेल तर उद्यां पहांटे या” असें त्यांनीं आमंत्रण दिलें. आम्ही शाकाहारी, तरी विद्या म्हणून गेलों.

सांपळा लोखंडाचा, दोन जबड्यांचा, पसरला म्हणजे सुमारें सहा इंच. नवा सांपळा तसाच लावीत नाहींत. प्रथम उकळून त्याचें तेल काढितात, मग रंगद्रव्याच्या पाण्यांत काळा करितात व मेणांत बुडवितात. रबरी बूट, हातमोजे, गुडघे टेंकण्यास निराळें कापड. माणसाचा घाम जमिनीस लागूं नये म्हणून हा सोंवळ्याचा सगळा प्रकार. आमच्या आजीच्या सोंवळ्याची आम्हांस आठवण झाली, आणि तें त्यांस समजाविण्यांत पाव तास गेला. हातमोज्यांचेहि दोन जोड असतात: एक सांपळ्यासाठीं, दुसरा गंधासाठीं. सांपळ्यासच जर गंध लागला, तर कायोटी पाय टाकण्याऐवजीं तो उकरून काढतो, आणि पुढें जन्मभर शहाणा होतो.

जागा निवडणें हें खरें काम. कायोटी वाटेनें जातो. त्या वाटेवर सांपळा लावावयाचा नाहीं, वाटेच्या कडेस, जिकडून वारा येतो तिकडच्या अंगास लावावयाचा, म्हणजे वास वाटेवर वाहत जाऊन त्याच्या नाकास भिडतो. मागें गवताचा झुबका किंवा दगड असावा, म्हणजे प्राणी समोरूनच येतो. त्या झुबक्याच्या बुडाशीं तिरकस, मुठीएवढें रुंद व वीतभर खोल असें भोंक खणतात. उंदरानें कांहीं पुरून ठेविलें आहे, किंवा दुसऱ्या कायोटीनें आपला ठेवा लपविला आहे, असा देखावा! म्हणजे पुन्हां ‘कॅश’च. भोंकाच्या तळाशीं आमिष, त्यावर गवताचा बोळा. भोंकाच्या तोंडापुढें वीतभर अंतरावर, किंचित् एका बाजूस, सांपळा. तो हलतां कामा नये इतका घट्ट बसवून त्यावर चाळलेली कोरडी माती अर्धा इंच. थंडींत ओली माती गोठून सांपळा मिटत नाहीं, म्हणून म्हातारबोवा उन्हाळ्यांतच वाळविलेल्या मातीचें पोतें बरोबर बाळगतात. सांपळ्याच्या पट्टीवर तीनचार पौंड भार पडल्याशिवाय तो मिटूं नये अशी कळ लावितात. नाहींतर ससे व चिचुंद्र्याच सांपडावयाच्या.

आमिष आणि गंध ह्या दोन वस्तु निरनिराळ्या आहेत, हें आम्हांस तेथें प्रथम कळलें. आमिष म्हणजे खाद्य: मांसाचे तुकडे बंद बरणींत मुरवून, कुजण्याच्या एका विशिष्ट पायरीवर थांबविलेले. गंध म्हणजे दोनचार थेंबांचा अर्क, लांबून बोलावण्यासाठीं. अर्कानें हांक मारावयाची आणि आमिषानें थांबवून धरावयाचें. आमिष उघडें टाकीत नाहींत. गरुड, ससाणे डोळ्यांनीं पाहून येतात व फुकट मरतात, म्हणून उघड्या मांसाजवळ सांपळा लावण्यास अनेक राज्यांत कायद्यानें मनाई आहे.

अर्काच्या बाटल्यांची पेटी उघडली तेव्हां आम्ही दोन पावलें मागें सरलों. बीव्हराचें द्रव्य, स्कंक नांवाच्या दुर्गंधी प्राण्याचा अर्क, कायोटीच्याच ग्रंथींचा कुजविलेला लगदा, माशांचें तेल, तगराच्या जातीच्या एका मुळीचा रस, बडीशेपेसारखें एक तेल, आणि हें सर्व गोठूं नये म्हणून ग्लिसरीन. पाणिनीनें गंध शब्दाचें ‘गंधि’ असें रूप कोणत्या चार शब्दांपुढें होतें तें सांगितलें आहे. त्यांत ‘सु’ व ‘सुरभि’ ह्यांच्या पंक्तीस ‘पूति’हि बसविला आहे. पूतिगंधि म्हणजे काय, हें वर्गांत आम्ही तीस वर्षें शब्दांनीं सांगत आलों. येथें तें नाकानें कळलें. परंतु शेवटची बाटली उघडली आणि आम्ही चकित झालों. तो वास ओळखीचा होता. हिंग! पाश्चात्त्य भाषांत ह्याच्या नांवांतच दुर्गंधीचा उल्लेख आहे, जर्मन लोक तर त्यास ‘सैतानाची विष्ठा’ म्हणतात. आणि येथील सांपळेवाल्यांच्या जुन्या कृतींत तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. अमरकोशांत हिंगास ‘सहस्रवेधि’ असा एक पर्याय आहे. तो किती यथार्थ आहे हें त्या मोकळ्या माळावर पटलें. ह्याचीच चिमूट आम्ही रोज वरणाच्या फोडणींत घालतों, असें सांगतांच म्हातारबोवांनीं आमच्याकडे ज्या नजरेनें पाहिलें, ती आम्ही विसरणार नाहीं. घरीं हें सांगितल्यावर आमच्या कुटुंबानें त्या रात्रीं आमटींत हिंग घातला नाहीं. दुसऱ्या दिवसापासून मात्र पूर्ववत् सुरू झाला.

दुसरा प्रकार मूत्राचा. कुत्रा खांबाशीं जें करतो तेंच कायोटी आपल्या हद्दीच्या झुडपांशीं, दगडांशीं करितो; आणि येणारा जाणारा प्रत्येक कायोटी तेथें थांबून हुंगतो. नर कीं मादी, ओळखीचा कीं परका, हें सर्व त्यास तेथें समजतें. आपल्याकडे चावडीच्या भिंतीवर जाहिरनामा लावावा तसें तें आहे. सांपळेवाला बाटलींतल्या मूत्राचे थेंब तेथें शिंपडून एक खोटा जाहिरनामा लावतो. जानेवारी-फेब्रुवारींत, त्यांच्या जोडी जमविण्याच्या दिवसांत, हा उपाय फार चालतो. शरदांत खाद्याचा वास अधिक चालतो. नैयायिकांनीं गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानिला आहे. कायोटीस तें मत मान्य असावें, कारण त्याचें सर्व वाचन जमिनीवर चालतें.

नोव्हेंबराच्या मध्यास एके सकाळीं, गवतावर हींव पडलेलें असतां, आम्हीं सांपडलेला कायोटी पाहिला. पुढचा उजवा पाय सांपळ्यांत. आमची समजूत होती तो गुरगुरेल. तो जमिनीशीं चपटा होऊन दुसरीकडेच पाहत होता. म्हातारबोवांनीं बंदूक काढिली. आम्हीं मान फिरविली. नंतर त्यांनीं दांत उघडून पाहिले व म्हणाले, “यंदाचाच आहे.” तेवढ्यांत बाई तेथें आल्या. त्यांनींहि दांत पाहिले, आणि शांतपणें म्हणाल्या, “माझीं कोंकरें एप्रिलांत मेलीं. तेव्हां हा जन्मला तरी होता का?” म्हातारबोवा म्हणाले, “ह्याच्याच तोंडांत घालण्यासाठीं नेलीं ना तीं?” दोघेंहि गप्प झालीं. दोघांचेंहि खरें होतें, हें आम्हांस पुढें कळलें.

लोगनच्या दक्षिणेस थोड्या मैलांवर मिलव्हिल ह्या गांवीं केंद्र सरकारचें एक संशोधनकेंद्र गेल्या शतकाच्या आठव्या दशकापासून चालत आलें आहे. तेथें कायोटी मोठमोठ्या कुंपणांत पाळलेले आहेत, व त्यांच्या स्वभावाचा अभ्यास चालतो. आम्ही आंत गेलों नाहीं. परंतु जामातांचे एक स्नेही ह्या विषयांतले जाणते आहेत, त्यांनीं दोन संध्याकाळीं आम्हांस सर्व समजावून सांगितलें. कुजलेल्या अंड्याच्या वासाचें पृथक्करण करून रसायनशास्त्रज्ञांनीं स्निग्ध आम्लांचें एक मिश्रण तयार केलें. १९७० नंतरच्या दशकांत त्याचा उपयोग पश्चिमेकडील राज्यांत कायोटींचें प्रमाण अजमावण्यासाठीं झाला: चाळलेल्या मातीचें वर्तुळ करून मध्यें हा वास ठेवावयाचा आणि सकाळीं पाउलें मोजावयाचीं, सांपळा नाहीं, मरण नाहीं. प्रत्येक वासास प्राणी निरनिराळें उत्तर देतो हेंहि तेव्हां ध्यानांत आलें. एका वासावर तो लोळतो, दुसरा चाटतो, तिसरा चावतो, चवथ्याशीं जमीन उकरतो. पाय अडकविणाऱ्या सांपळ्यास लोळणारा कायोटी निरुपयोगी.

परंतु आम्हांस मुख्य वाटली ती गोष्ट निराळी. टेक्ससच्या दक्षिण भागांत गळ्यांत रेडिओयंत्र बांधलेल्या कायोटींवर संशोधन झालें, तें १९९० सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत असें दिसलें कीं कायोटी सांपळ्यांत सांपडतो तो बहुधा आपल्या मुलखाच्या सीमेवर किंवा बाहेर. घरच्या मुलखांत प्रत्येक दगड त्याच्या परिचयाचा. तेथें काल नसलेलें भोंक आज दिसलें कीं तो लांबून वळसा घालून जातो. परमुलखांत सर्वच नवें, तेव्हां नव्याचा संशय तरी कोठवर घ्यावा? आणि शरदांत आईबापांना सोडून नवा मुलूख शोधीत जीं पोरें हिंडतात, तीं तर सदाच परमुलखांत. कॅलिफोर्नियांत हॉपलंड येथें विद्यापीठाचें मेंढ्यांचें क्षेत्र आहे. तेथील १९९० नंतरच्या दशकांतील अभ्यासांत आढळलें कीं मेंढ्या मारतें तें मुलूख धरून राहिलेलें, पिलें असलेलें जोडपें. आणि सांपळ्यांत तेंच जोडपें क्वचित् येतें. म्हणजे गंधानें फसतो तो प्रवासी, आणि कोंकरूं नेतो तो घरमालक. इनामासाठीं मोजणी करणाऱ्यास दोघे सारखेच. मेंढ्यांच्या मालकिणीस नाहींत.

म्हातारबोवांचें म्हणणेंहि ह्यांतच बसतें. जोडपें कोंकरें मारतें तें पिलांच्या भुकेपायीं. उत्तर यूटांत १९९८-९९ च्या सुमारास कांहीं जोडप्यांवर शस्त्रक्रिया करून त्यांची प्रजननशक्ति नाहींशी केली, तेव्हां त्यांनीं मारलेल्या कोंकरांची संख्या पुष्कळ घटली. आणि तीं आपला मुलूख राखीत असल्यामुळें परके कायोटीहि दूर राहिले. खर्चाचा विचार करतां हा उपाय प्रत्येक कुरणाला कसा परवडावा, हा प्रश्न आहेच.

गंधाचा आणखी एक उपयोग आहे, तो सांगतांना लेखणी अडखळते. जमिनींत रोंवलेल्या नळीच्या टोंकास गंध लावितात. प्राणी तें टोंक दांतांत धरून ओढतो, आणि आंतील कमान सुटून सायनाइडाची भुकटी त्याच्या तोंडांत उडते. १९७२ सालीं राष्ट्राध्यक्ष निक्सन ह्यांनीं सरकारी जमिनींवर विषप्रयोगास बंदी घातली होती. परंतु ह्या यंत्रास १९७५ सालीं पुन्हां परवानगी मिळाली. मार्च २०१७ मध्यें आयडाहोंतील पोकाटेलो शहराजवळ, म्हणजे ह्या दरीपासून मोटारीनें दोनएक तासांच्या वाटेवर, घरामागच्या टेकडीवर गेलेल्या चौदा वर्षांच्या मुलानें असलें एक यंत्र अजाणतां हाताळलें. मुलगा वांचला, त्याच्याबरोबरचा कुत्रा त्याच्यासमोर मेला. २०२३ च्या नोव्हेंबरांत केंद्र सरकारच्या भूमिव्यवस्था खात्यानें आपल्या साडेचोवीस कोटी एकर जमिनीवर ह्या यंत्राची बंदी केली. वास हांक मारतो तो कोणास, हें वाऱ्याच्या स्वाधीन असतें. तेव्हां हांकेपुढें काय ठेविलें आहे ह्याचा विचार ठेवणाऱ्यानेंच करावयास हवा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

त्या मानानें १९७४ सालीं प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सात्त्विक म्हटला पाहिजे. कोंकराच्या मांसांत लिथियमचें एक क्षार मिसळून तें कायोटीस चारावयाचें. त्यास ओकाऱ्या होतात, आणि तो पुढें कोंकराचा वासच टाळतो. कोंडलेल्या प्राण्यांवर हें दिसून आलें. मोकळ्या रानांत मात्र कोणास गुण आला, कोणास आला नाहीं, आणि विद्वानांचा वाद वर्षानुवर्षें चालला.

हें सर्व ऐकून घेतल्यावर डिसेंबराच्या आरंभीं आम्ही पुन्हां त्या बाईंकडे गेलों, तों तेथें नवा प्रश्न उभा होता. त्यांनीं पिरेनीज पर्वतांतल्या जातीचे दोन मोठे पांढरे कुत्रे आणिले होते. पश्चिमेकडील कुरणांत हे कुत्रे लहानपणापासून मेंढ्यांतच वाढवितात, आणि पेरू देशाहून आलेले मेंढपाळ त्यांच्या भरंवशावर रात्रीं झोंप घेतात. बाईंना ते मोकळे सोडावयाचे होते. म्हातारबोवा म्हणाले, “माझी बरणी आणि तुझे कुत्रे एका टेकडीवर राहूं शकत नाहींत. तीनचार पौंडांची कळ कुत्र्याला अडवीत नाहीं, आणि कुत्र्याचें नाक कायोटीहून वेगळें नाहीं.” बाई म्हणाल्या, “मग बरणी हलवा.” बोलणें एवढेंच झालें. त्या बोलण्यांत वीस वर्षांचा ऋणानुबंध व म्हातारबोवांचें हिवाळ्याचें उत्पन्न दोन्ही होतें. आम्हीं चहाच्या पेल्यांत पाहत बसणें पसंत केलें.

दुसऱ्या दिवशीं त्यांनीं बाईंच्या रानांतले सर्व सांपळे उपटले, भोंकें बुजविलीं, व दरीच्या दुसऱ्या टोंकास, रस्त्यालगतच्या एका शेतकऱ्याच्या हद्दीवर नेऊन लावले; वाटसरू कायोटी तेथेंच अधिक येतात, असें त्यांचें म्हणणें. जुन्या भोंकांवर त्यांनीं काय टाकलें म्हणाल? चुन्याची भुकटी, वास मरावा म्हणून. तरी एका ठिकाणीं कुत्रा तीन दिवस हुंगत राहिला.

आम्ही परत आल्यानंतर एप्रिलांत कन्येचा फोन आला. बाईंनीं यंदा मेंढ्या गोठ्याजवळच्या कुरणांत विऊं दिल्या आणि कुत्रे रात्रभर बाहेर ठेविले. तोंवर चार कोंकरें गेलीं होतीं, त्यांपैकीं दोन थंडीनें. म्हातारबोवा अधूनमधून कॉफीस येतात, पण बरणी गाडींतच ठेवून. आणि कुत्रे पहांटेपर्यंत भुंकतात म्हणून शेजाऱ्यांनीं तक्रार केली आहे.